इलेक्ट्रिक स्कूटर, चार्जिंगचा पॉइंट आणि बॅटरीची भीती: वायरमनला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात गेली बावीस वर्षं मी वायरिंगची कामं करतोय. पूर्वी फोन यायचे ते गिझरचा पॉइंट काढायला, एसीचा लोड वाढवायला. गेल्या चार-पाच वर्षांत त्यात "खाली पार्किंगमध्ये गाडीचा पॉइंट काढायचाय" ही भर पडली. काम निम्म्यावर आलं की चहा येतो आणि चहाबरोबर प्रश्न येतात. तेच ते प्रश्न असतात, म्हणून एकदा बसून उत्तरं लिहून काढली. माझ्याकडे स्वतःची इलेक्ट्रिक स्कूटर आहे, हे आधीच सांगतो. म्हणजे मला अगदी तटस्थ समजू नका.

इलेक्ट्रिक गाड्या खरंच पेट घेतात का?

घेतात. २०२२ च्या उन्हाळ्यात आपण सगळ्यांनी मोबाइलवर ते व्हिडिओ पाहिले. २६ मार्चला पुण्यातच, लोहगावला, रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटली. त्याच सुमारास तमिळनाडूत वेल्लोरला घरी चार्जिंगला लावलेल्या गाडीच्या आगीत बाप आणि मुलगी दोघं गेली. एप्रिलमध्ये नाशिकजवळ कंटेनरमधून चाललेल्या चाळीसपैकी वीस स्कूटर जळाल्या. मग सरकारने डीआरडीओकडून तपास करून घेतला. सेल, पॅकची बांधणी, त्यावर लक्ष ठेवणारं सर्किट, सगळ्यातच कच्चे दुवे निघाले. त्यातून बॅटरीचे नियम कडक झाले, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

आता दुसरी बाजू. स्वीडनच्या नागरी सुरक्षा खात्याने २०२२ सालचा हिशोब मांडला होता. तिथल्या सुमारे ६ लाख ११ हजार इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांपैकी त्या वर्षी २३ पेटल्या, म्हणजे लाखाला चार. पेट्रोल-डिझेलच्या ४४ लाख गाड्यांमध्ये ३,४०० आगी, म्हणजे लाखाला सत्याहत्तर. पण हा आकडा घेऊन लगेच सासऱ्यांशी वाद घालायला जाऊ नका. तिथल्या इलेक्ट्रिक गाड्या बऱ्याचशा नव्या, शिवाय तो हिशोब प्रामुख्याने मोटारींचा. आपल्याकडच्या स्वस्तातल्या स्कूटरला तो जसाच्या तसा लागू होत नाही.

माझा स्वतःचा अनुभव सांगायचा तर पेटलेली बॅटरी मी आजवर डोळ्यांनी पाहिलेली नाही. जळालेली सॉकेटं मात्र पोतंभर काढली असतील. या पानावर निम्मी उत्तरं प्लगबद्दल का आहेत, ते यावरून कळेल.

बॅटरी पेटते म्हणजे आत नेमकं होतं काय?

स्कूटरच्या पॅकमध्ये साधारण दोन-तीनशे छोटे सेल असतात, रिमोटच्या सेलपेक्षा जरा जाड. प्रत्येक सेलमध्ये दोन पट्ट्या गुंडाळलेल्या असतात आणि त्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये प्लास्टिकचा एक पापुद्रा असतो. हा पापुद्रा केसापेक्षाही पातळ. बनवताना धातूचा कण आत राहिला, पॅक आपटून दबला, जास्त चार्ज झाला किंवा बाहेरून तापला, तर तो पापुद्रा दगा देतो. १३० अंशांच्या आसपास तो वितळायलाच लागतो. दोन पट्ट्या भिडल्या की शॉर्ट, शॉर्टची उष्णता, उष्णतेने आतली रसायनं फुटतात, त्यातून आणखी उष्णता आणि जळणारा वायू.

दूध उतू जायला लागलं की आपण गॅस बंद करतो आणि ते खाली बसतं. इथे गॅस आतच पेटलेला असतो आणि त्याचं बटण बाहेर नसतं. एक सेल गेला की शेजारचा तापतो, मग त्याच्या शेजारचा. चांगल्या पॅकमध्ये ही साखळी तुटावी अशी रचना करतात. स्वस्त पॅकमध्ये सेल नुसते एकमेकांना टेकवून बसवलेले असतात.

घरातला साधा प्लग चालेल का, की वेगळा पॉइंट हवाच?

स्कूटरबरोबर येणारा घरगुती चार्जर साधारण ६५० ते ७५० वॉटचा असतो. २३० व्होल्टला हिशोब केला तर जेमतेम सव्वातीन अँपिअर. मिक्सर-इस्त्री चालते त्याच प्लगवर हे का चालू नये, असं लोक विचारतात. कागदावर चालतं. फरक वेळेचा आहे. इस्त्री दहा मिनिटं तापते आणि मधूनमधून आपोआप बंद होते. चार्जर मात्र रोज चार-पाच तास, एकदाही न थांबता ओढत असतो. सॉकेटमागचा स्क्रू किंचित ढिला असेल तर इस्त्रीला ते कळतसुद्धा नाही. चार्जर तो ढिलेपणा रोज थोडा थोडा भाजून काढतो.

दिव्याखाली अंधार म्हणतात ते माझ्याच घरी झालं. गाडी नवी होती, मी लोकांचे पॉइंट काढण्यात गुंतलेलो, आणि स्वतःची गाडी लावत होतो गॅलरीतल्या वॉशिंग मशीनच्या जुन्या सॉकेटला, तेही एक्स्टेन्शन बोर्ड लावून खाली सोडलेल्या वायरवरून. दीड महिन्याने बायको म्हणाली, गॅलरीत मासळी जळाल्यासारखा वास येतो. प्लग ओढला तर निघेना. पिनेभोवतीचं प्लास्टिक वितळून भोकाला चिकटलं होतं, पितळी पिन निळसर-काळी पडली होती. बोर्ड उघडला. फेजच्या वायरचं इन्शुलेशन दोन बोटं मागपर्यंत कडक होऊन पिवळं झालं होतं. त्या वेळी बॅटरीला काहीही झालेलं नव्हतं, गाडी मजेत चार्ज होत होती. मासळीसारखा तो वास लक्षात ठेवा. तापलेल्या प्लास्टिकचा आणि बेकेलाइटचा तो वास असतो. घरात मासे नसताना आला तर आधी मेन बंद करायचा.

म्हणून मी सांगतो: सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट, मीटरपासून किंवा डीबीपासून (घरातल्या स्विचांच्या मुख्य बोर्डापासून) थेट, अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर) तांब्याची वायर, मध्ये कुठेही जोड नाही. अंतर फार असेल तर चार स्क्वेअर. स्वतःची एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच). चार्जरसारख्या उपकरणांसाठी आरसीसीबी 'टाइप ए' मागून घ्या. दुकानदार जी पुढे करतो ती बहुतेक 'टाइप एसी' असते. एक्स्टेन्शन बोर्ड नको. लोड निभावतो असं त्यावर लिहिलेलं असलं तरी नको.

आणि एक फुकटची चाचणी. चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासाने प्लगला हाताची पाठ लावा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर त्या दिवसापासून तो सॉकेट बाद.

चार्जर 'अर्थिंग फॉल्ट' दाखवतो. काय करू?

अर्थिंग करा. हे उत्तर इतकं सरळ असताना मला सगळ्यात जास्त भीती याच प्रश्नाची वाटते, कारण यावर काही कारागीर शंभर रुपयांत एक इलाज करून देतात. सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थिंगच्या स्क्रूमध्ये इंचभर वायरचा तुकडा टाकतात. चार्जर फसतो, हिरवा दिवा लागतो, गिऱ्हाईक खूश. पुढे एखाद्या दिवशी मागे कुठे तरी न्यूट्रल तुटला की फेज चार्जरमधून फिरून त्याच तुकड्यावरून अर्थिंगच्या पिनेवर येतो, आणि चार्जरची धातूची बॉडी, कधी गाडीचा सांगाडाही, जिवंत होतो. पावसाळ्यात ओल्या पार्किंगमध्ये अनवाणी उभं राहून त्याला हात लावणारा माणूस कोण असेल, याचा विचार त्या शंभर रुपयांत धरलेला नसतो.

जुन्या वाड्यात, चाळीत, गुंठेवारीच्या घरांमध्ये अर्थिंगची पट्टी बोर्डापर्यंत येते आणि पुढे जमिनीत काहीच नसतं, असं मी कितीदा तरी पाहिलंय. वेगळा खड्डा घेऊन नवं अर्थिंग करायला काही हजार रुपये जातात. गाडीच्या ऑनरोड किमतीत तेही धरा.

सोसायटी पार्किंगमध्ये पॉइंट काढू देत नाही.

सेक्रेटरीकाका वाईट नसतात, घाबरलेले असतात. त्यांच्यासमोर कायदा आपटण्याआधी नकाशा ठेवा. कुठल्या मीटरवरून केबल निघणार, कुठल्या भिंतीवरून पाइपातून जाणार, कुठे एमसीबी बसणार. केबल तुमच्या स्वतःच्या मीटरवरून असेल तर बिलाचा वादच संपतो. ते शक्य नसेल तर कॉमन मीटरवर सबमीटर.

कायद्याचं म्हणाल तर केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरी किंवा ऑफिसात आपल्या आहे त्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते, त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. मात्र चार-पाच गाड्या झाल्या की सँक्शन लोड, म्हणजे वीज कंपनीने मंजूर केलेला भार, पाहावा लागतो. वीस वर्षांपूर्वीच्या बिल्डिंगची मेन केबल गिझर आणि एसीनेच दमलेली असते. अशा वेळी कमिटी म्हणते "थांबा", ते मला बरोबर वाटतं. एकेकाला लपूनछपून परवानगी देण्यापेक्षा महावितरणकडून लोड वाढवून एकाच वेळी सगळ्यांचं काम करून घेतलेलं स्वस्तही पडतं.

गाडी जिन्याखाली लावून चार्ज केली तर चालेल?

नाही. इथे मी काम घेतच नाही.

आपल्या जुन्या इमारतींमध्ये जिन्याखालची जागा म्हणजे मोकळी जागा: तिथेच मीटर, तिथेच सायकली, तिथेच गणपतीचं मखर आणि आता तिथेच स्कूटर. पण सगळ्या मजल्यांना खाली उतरायचा रस्ता तोच एक. सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबादला एका इमारतीत खाली इलेक्ट्रिक स्कूटरचं शोरूम होतं आणि वर लॉज. खाली आग लागली, धूर जिन्यातून वर चढला आणि आठ माणसं गेली. जिना धुरांड्यासारखं काम करतो. आग गाडीमुळे लागो नाहीतर मीटरमुळे, जिन्याखाली बॅटरी नको. जिना, लिफ्ट आणि मीटर रूम सोडून उघड्या बाजूची, हवा खेळती असलेली जागा शोधा. पत्र्याची शेड चालेल.

काढता येणारी बॅटरी घरात आणून लावली तर?

शक्यतो नको, आणि झोपायच्या खोलीत, हॉलमध्ये दाराजवळ तर अजिबात नको. त्याच सप्टेंबरात वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा गेला. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याला दुसरा पर्यायच नसतो, हे मला माहीत आहे. मग बाल्कनी निवडा, फरशीवर ठेवा, जवळ पडदा, गादी, रद्दी नको, आणि जागे असताना लावा. बाल्कनीतून बाहेर पडायचा रस्ता बॅटरीवरून जात नाही ना, एवढं पाहा.

रात्रभर चार्जिंगला ठेवली तर बॅटरी खराब होते का?

चांगल्या गाडीत पूर्ण भरली की चार्जिंग आपोआप थांबतं. 'ओव्हरचार्ज'ची जुनी भीती लेड-ॲसिडच्या काळातली आहे. तरी मी टायमर लावतो. दिवसभरात तीस-पस्तीस किलोमीटर होतात, ते दोन तासांत भरून निघतात. आठला लावली की दहाला बंद. मी अकराला झोपतो.

गाडीवरून आल्या आल्या मात्र लावू नका. बॅटरी तापलेली असते. जेवून घ्या, मग लावा.

बाजारातला सात-आठशेचा चार्जर चालेल का?

पॅकच्या पाटीवर जे व्होल्टेज असतं ते फसवं असतं. '६० व्होल्ट' लिहिलेल्या दोन बॅटऱ्या पूर्ण भरताना वेगवेगळ्या व्होल्टेजला थांबतात, कारण आतली रसायनं वेगळी. एनएमसी आणि एलएफपी हे लिथियम बॅटरीचे दोन प्रकार, त्यांच्याबद्दल पुढच्या उत्तरात लिहिलंय. एनएमसीचा सेल ४.२ व्होल्टला भरतो, एलएफपीचा ३.६५ ला. पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असं होत नाही. कंपनीचा चार्जर महाग वाटतो खरा. पण या सगळ्या प्रकरणात दोन पैसे वाचवायची सर्वात चुकीची जागा कुठली असेल तर हीच.

एलएफपी आणि एनएमसी: कोणती घ्यावी?

दोन्ही लिथियमच. एलएफपी म्हणजे लोह आणि फॉस्फेट, एनएमसी म्हणजे निकेल, मँगेनीज, कोबाल्ट. एलएफपी जड, त्याच वजनात रेंज कमी, पण हाताबाहेर जायला जास्त उष्णता लागते आणि चार्जिंगची आवर्तनं (पूर्ण भरून रिकामी होण्याच्या फेऱ्या) जास्त टिकतात. एनएमसी हलकी, रेंज जास्त, पण स्वभावाने तापट. ती चांगल्या सर्किटच्या आणि चांगल्या पॅकच्या ताब्यात असेल तर काहीच हरकत नाही. एलएफपी 'पेटतच नाही' असं विक्रेता म्हणाला तर मान डोलवा आणि विश्वास ठेवू नका. तीही पेटू शकते, अवघड जातं इतकंच.

एलएफपीवाल्यांनी आठवड्यातून एकदा शंभर टक्के भरावी. तिचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ हलत नाही, त्यामुळे उरलेल्या टक्क्यांचा अंदाज चुकत जातो. पूर्ण भरली की मीटर ताळ्यावर येतं. एनएमसीवाल्यांनी रोज ऐंशीपर्यंत भरली तरी पुरे.

पावसात चालवली, चार्ज केली तर शॉक बसेल का?

चालवा. अलीकडच्या गाड्यांचे पॅक आयपी ६७ चे असतात, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास राहून आत पाणी जाऊ नये अशी चाचणी झालेली असते. चार्जरचा ठोकळा आणि सॉकेट मात्र आयपी ६७ नसतं. ते भिजता कामा नये.

पुरात बुडालेल्या गाडीची गोष्ट निराळी. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या गाड्या हँडलपर्यंत बुडाल्या होत्या. अशी गाडी 'चालू होते का बघू' म्हणून किल्ली फिरवू नका आणि चार्जिंगला तर लावूच नका. ढकलत उघड्यावर न्या, भिंतीपासून लांब उभी करा, सर्व्हिस सेंटरला फोन करा. खारं पाणी असेल तर जास्त जपा. फ्लोरिडात २०२२ च्या इयन वादळानंतर समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रिक मोटारी काही दिवसांनी, कोरड्या झाल्यावर पेटल्या होत्या. मुंबईत, कोकणात भरतीचं पाणी पार्किंगमध्ये येतं तिथे हे ध्यानात ठेवा.

नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात काय?

४५-४६ अंशांचं ऊन बॅटरी पेटवत नाही, म्हातारी करते. दुपारी उन्हात उभी राहिलेली, नव्वद-शंभर टक्के भरलेली बॅटरी हे तिच्यासाठी सगळ्यात वाईट. सावलीत लावा, पहाटे चार्ज करा. महिनाभर गावाला जाणार असाल तर निम्मी भरून ठेवा.

रेंज सांगतात तेवढी मिळते का?

नाही. कंपनीने पावणेदोनशे किलोमीटर म्हटलं की मी सव्वाशे धरतो.

तीन युनिटच्या, म्हणजे तीन किलोवॉट-अवरच्या बॅटरीवर माझी गाडी शहरात नव्वदच्या आसपास जाते. बायको मागे बसली की ऐंशी. ताशी साठने बायपासला सोडली तर सत्तरीत येते. इंजिनाच्या गाडीला हायवे मानवतो, हिला शहराचा ट्रॅफिक मानवतो; सिग्नलला उभी राहिली तर काही खात नाही.

घाटाबद्दल लोक उगाच घाबरतात. सिंहगडाचा हिशोब करून बघा. पुणे साधारण ५६० मीटरवर, गड १३१२ मीटरवर, म्हणजे साडेसातशे मीटरचा चढ. गाडी आणि दोन माणसं मिळून पावणेतीनशे किलो. नुसतं उचलायला अर्ध्या युनिटच्या थोडं वर लागतं, मोटरची घट धरून पाऊण. परतीच्या उतारावर त्यातलं थोडंसं बॅटरीत परत येतं. कोथरूडहून भजी खाऊन परत येईपर्यंत माझ्या गाडीत वीसेक टक्के उरतात. पण स्कूटरने साताऱ्याला जायचं असेल तर एसटी बरी.

महिन्याला खरंच वाचतात का पैसे?

वाचतात, रोज चालवली तर. तीन युनिटची बॅटरी भरायला चार्जरची गळती धरून मीटरवर साधारण ३.४ युनिट पडतात. वीज दहा रुपये युनिट धरा. चौतीस रुपयांत नव्वद किलोमीटर, किलोमीटरला अडतीस पैसे. पेट्रोल स्कूटर लिटरला पंचेचाळीस देत असेल आणि पेट्रोल १०५ रुपये असेल तर किलोमीटरला दोन रुपये तेहतीस पैसे. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे जवळजवळ दोन हजार वाचतात. शिवाय ऑइल नाही, प्लग नाही, क्लचप्लेट नाही. मात्र टायर आणि ब्रेक पॅड फुकट नसतात.

एक मेख आहे. गाडीचे तीस-चाळीस युनिट तुमच्या घरगुती बिलात मिसळतात आणि महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. तीनशेच्या आत राहणारं घर तीनशेच्या वर गेलं तर वरचे युनिट महाग पडतात. स्वतःचं बिल काढून बघा. आठवड्याला दोनदा मंडईत जाण्यापुरती गाडी हवी असेल तर जुनी पेट्रोलचीच वापरा. नव्या गाडीचे जास्तीचे पैसे वसूल होईपर्यंत बॅटरीची वॉरंटी संपेल.

बॅटरी किती वर्षं टिकते? सेल बदलून मिळतात म्हणे.

आठशे आवर्तनं धरली आणि एका आवर्तनात नव्वद किलोमीटर, तर बहात्तर हजार किलोमीटर होतात. महिन्याला हजार म्हणजे सहा वर्षं. त्यानंतर ती मरत नाही, सत्तर-ऐंशी टक्क्यांवर येते.

सेल बदलून देणाऱ्या दुकानांबद्दल माझं मत वाईट आहे. नव्या-जुन्या सेलची सरमिसळ, अंदाजे केलेले वेल्ड, आणि सर्किट मध्ये मध्ये बंद पडतं म्हणून ते चक्क बायपास केलेलं. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली लिथियम बॅटरीच्या २६८ आगी लागल्या आणि अठरा माणसं गेली. त्यात मोठा वाटा डिलिव्हरीवाल्यांच्या ई-बाइकचा, त्यातही प्रमाणपत्र नसलेल्या किंवा ठाकठूक केलेल्या बॅटऱ्यांचा. आपल्याकडेही रात्री उशिरापर्यंत डिलिव्हरी करणारी पोरं दहा बाय दहाच्या खोलीत तीन-तीन बॅटऱ्या एका बोर्डाला लावतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. कंपन्यांनी चार्जिंगची जागा द्यायला हवी.

जुनी इलेक्ट्रिक स्कूटर घेऊ का?

आरसीवर बनवल्याचा महिना बघा. आगीच्या घटनांनंतर एआयएस १५६ हे मानक दोन टप्प्यांत कडक केलं गेलं: १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३. एक सेल पेटला तरी पूर्ण पॅक पेटू नये ही चाचणी, पाण्याची चाचणी, सेलचा माग काढता येणं, हे सगळं त्यात आलं. एप्रिल २०२३ नंतर बनलेली गाडी असेल तरच बोला. पॅकचं सील तुटलेलं, झाकणाचे स्क्रू ओरबाडलेले दिसले तर चहा पिऊन परत या.

नंबरप्लेट आणि लायसन्स न लागणाऱ्या, ताशी पंचवीसच्या आत आणि २५० वॉटच्या आतल्या गाड्यांचं काय, असंही विचारतात. आजोबांना भाजी आणायला ठीक. पण तपासल्याशिवाय घेऊ नका, बॅटरीत काटकसर सर्वात जास्त याच गाड्यांमध्ये दिसते. आणि पंचवीसच्या वर पळत असेल तर ती त्या सवलतीत बसत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर चार्ज करता येईल?

घरातल्या दीडशे एएचच्या (अँपिअर-अवरच्या) बॅटरीत बारा व्होल्ट गुणिले दीडशे, म्हणजे कागदावर पावणेदोन युनिट असतात. तीन युनिटची गाडी त्यावर भरायची म्हणजे तांब्याने हंडा भरण्यासारखं. शिवाय पंखा बंद पडला की घरचे बोलतात ते वेगळंच.

आणि पेटलीच तर?

आधी ओळख. फुसफुस आवाज, कुकरची शिट्टी येण्याआधी येतो तसा. पांढुरका धूर, गोडसर झोंबणारा वास. तो धूर छातीत घ्यायचा नाही, त्यात विषारी वायू असतात.

प्लग ओढायला जवळ जाऊ नका, वरून एमसीबी पाडा. माणसं बाहेर काढा, लिफ्ट वापरू नका. १०१ ला फोन करा आणि 'लिथियम बॅटरीची गाडी आहे' हे शब्द उच्चारून सांगा. लाल सिलिंडरमधली पावडर शेजारची स्कूटर, केबल, प्लास्टिक यांच्यासाठी ठीक, पण बॅटरीच्या आतली साखळी तिने तुटत नाही. तिथे पाणी लागतं, भरपूर आणि बराच वेळ, पॅक थंड करायला. ते काम अग्निशमन दलाचं. वीज बंद केल्याची खात्री नसेल तर तुम्ही बादली घेऊन पुढे जाऊ नका. विझल्यासारखी दिसली तरी गाडी परत पार्किंगमध्ये ढकलायची नाही, काही तासांनी ती पुन्हा पेटू शकते.

मेलेली बॅटरी कुठे द्यायची? भंगारवाला चांगले पैसे देतो.

देतो, कारण त्याला त्यातलं तांबं दिसतं. तो ती छिन्नीने फोडतो. मेलेली म्हणतो त्या बॅटरीतही एवढा जीव असतो की त्याचं दुकान जाईल. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीची आहे, त्यामुळे जिथून गाडी घेतली तिथेच ती द्या आणि पावती मागा. पावती द्यायला का-कू करतात, दोन-तीन चकरा माराव्या लागतात. तोपर्यंत बॅटरीच्या टर्मिनलवर चिकटपट्टी लावा, पण ती पत्र्याच्या ट्रंकेत वगैरे कोंबू नका, उघड्या बाल्कनीत विटेवर ठेवा.